आधी वहिनी

टायरच्या दुकानात वहिनी उकिडवी बसली होती आणि समोरच्या दोन टायरांच्या रबरात आळीपाळीने नख रुतवून बघत होती. डावा मऊ होता, नख लगेच आत गेलं. उजवा जरा ढिम्म.

"झालं का ठरवून, वहिनी?" बेबीने खुर्चीतूनच विचारलं. बेबी म्हणजे तिची धाकटी नणंद. चाळिशी उलटली होती, दातांची डॉक्टर होती, पण घरात एकदा पडलेलं नाव कोण बदलणार? "तुम्ही म्हणाल ते घेऊ. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

ते खोटं नव्हतं. रविवारच्या शर्यतीत दोघी मिळून एकच गाडी पळवायच्या. शर्यत म्हणजे रिकाम्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून एकेकाने गाडी वळवत न्यायची. घड्याळात ज्याचा वेळ कमी, तो जिंकला. टायर मात्र रोजच्या रस्त्यावरचेच हवेत, शर्यतीचे खास चालत नाहीत. गाडी बेबीची होती आणि टायरांचं खातं वहिनीकडे. हवा मोजायची, खाचांत अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरने उकरून काढायचे, कडेला खडूची रेघ मारून वळणावर टायर किती कलंडला ते बघायचं, आणि हंगाम संपला की पुसून, पिशव्यांत घालून जिन्याखाली अंधारात ठेवायचे. नवरा म्हणायचा, माझ्या शर्टांच्या नशिबी एवढी माया कधी आली नाही.

कोणी आधी चालवायची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. बेबी दार उघडून धरायची आणि म्हणायची, "वहिनी, आधी तुम्ही. मोठ्या तुम्ही." मग वहिनी आपल्या वाट्याच्या दोन फेऱ्या मारायची, थंडगार टायरांवर, वळणावळणाला घसरत. तेवढ्यात टायर तापायचे आणि तापले की जमीन धरून बसायचे. लगेच बेबीची पाळी. बेबीच्या दवाखान्यात कपांनी एक अख्खी फळी भरली होती. वहिनीच्या घरी एकही कप नव्हता.

यातली गोम वहिनीला पहिल्याच वर्षी कळली होती. पण मान देणाऱ्याला नको कसं म्हणायचं? हरून घरी आलं की भांडी घासताना ती मनातल्या मनात म्हणायची, टायर गरम मिळाले असते तर दाखवलं असतं. तेवढं म्हटलं की तिला शांत झोप लागायची.

यंदा मात्र तिचा संयम सुटला होता. डावा टायर वेगळ्या जातीचा होता. तो थंड असतानाच पकडायचा आणि तापला की सैल पडायचा. आधी जाणारीची मजा, नंतर बसणारीची पंचाईत. येत्या रविवारी हंगामातली शेवटची शर्यत होती, आणि कोणाला काही सांगायची गरजही नव्हती.

"हे द्या," वहिनी म्हणाली. बेबीकडे बघायचं तिने टाळलं.

टायरवाल्याने टायर उचलला आणि तसाच थांबला. "गाडी दोघी चालवता ना? मग हे कसे जमतील? दुसरी बसेपर्यंत साबणासारखे घसरायला लागतील. मागच्या वेळचे नेमके उलटे होते, त्यांत दुसरीची चैन."

बेबीने मोबाइल खाली ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं चैन माझी होती?"

"हो."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"टायर कोण बघतं?"

"मग बोलला का नाहीत, वहिनी?"

"तू दार उघडून उभी राहायचीस. त्यावर काय बोलू?"

वहिनीचे कान तापले. डावा टायर अजून टायरवाल्याच्या हातात होता, आणि तिने तो का निवडला हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बेबी त्या टायरकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आधी जरासं आणि मग पोट धरून.

"आणि आज माझा काटा काढायला निघाला होतात! आहात बाई छुप्या रुस्तम!" तिने डोळे पुसले आणि टायरवाल्याकडे वळली. "ठेवा ते. मागच्या वेळचेच काढा, तापल्यावर धरणारे. रविवारी आधी मी जाणार."

"अगं, पण..."

"पण नाही न् बिण नाही. गरम टायर तुमचे."

वहिनीला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या मनात वेगळंच आलं. गाडी तीच, टायर तापलेले, आणि तरीही बेबीच पुढे राहिली तर? हा विचार इतक्या वर्षांत तिला एकदाही शिवला नव्हता.

टायरवाला आतून एकेक टायर गडगडवत आणून गाडीपाशी लावू लागला. बेबी पुन्हा मोबाइलमध्ये शिरली होती.

"बेबी," वहिनी हळूच म्हणाली, "आणि तरी हरले, तर मी काय सांगू गं?"

"कोणाला?" बेबीने मान वर करून विचारलं.

वहिनीने नजर वळवली. टायरवाला पाना हातात घेऊन तिच्याकडेच बघत होता. टायरांच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा असतो, हे त्याला माहीत होतं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चढवा," ती म्हणाली. "चारही."