अर्धवट ओळ

धाकटी पुन्हा शिंकली. तिने शाल कानांवरून ओढून घेतली.

"पंखा बंद कर की आधी," दादा म्हणाला.

"बाबांना उकडतं. आणि तो आता फक्त बाबाच बंद करणार. परीक्षाच ती आहे."

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली होती. एक बोट तेवढं हलायचं. त्या बोटाखाली तिने कळफलक ठेवला होता आणि त्याची तार एका छोट्या डबीला जोडली होती. डबीतली चिप आलेली अक्षरं जुळवायची. शेवटची मोठी कळ दाबली, की हुकूम ओळखून दिवा लावायची, घंटी वाजवायची, पंखा थांबवायची.

सकाळपासून एकही हुकूम पुरा झाला नव्हता.

"बोट नुसतं थरथरतंय, चिमे. डॉक्टर म्हणालेच होते, त्यांना काही कळत नाही. गाडी खाली उभी आहे. शुश्रूषागृहात त्यांची आबाळ नाही व्हायची."

"आणि कळत असेल तर?"

"तर कुठेच नेणार नाही. पण तुझी डबी बोलू दे ना काहीतरी."

अक्षर आल्याची खूण देत डबीवरचा बारीक दिवा लुकलुकला. बऱ्याच वेळाने पुन्हा लुकलुकला.

"मग हे काय येतंय?" दादाने विचारलं.

"कचरा. पंख्याच्या मोटरमुळे तारेत भलतीच अक्षरं घुसतात. म्हणून तीन सेकंदांत पुढचं अक्षर आलं नाही, की चिप अर्धवट ओळ पुसून टाकते. मी स्वतः टाइप करून पाहिलंय. एकदाही चुकली नाही."

"तुझं सगळंच घाईचं. सातव्या महिन्यात आलीस तेव्हापासून."

ती हसली नाही.

"तो कचरा तरी दाखव एकदा," दादा हळू आवाजात म्हणाला. "मनात नको राहायला."

तिने पुसण्याचा नियम काढून टाकला आणि प्रोग्राम पुन्हा चिपमध्ये भरला.

"जमू दे थोडा," म्हणत दादा बाबांचे कपडे पिशवीत भरू लागला. तिने पांघरुणाची घडी घातली, चष्मा पिशवीत ठेवला. मागे दिवा लुकलुकत होता, थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता. खालून गाडीचा भोंगा वाजला. कुणीच हललं नाही. ती तोंडावर शाल धरून पुन्हा शिंकली.

उशाजवळची घरघर मंदावत गेली.

पंखा थांबला. बाबांचं बोट मोठ्या कळेवर होतं, कपाळ घामाने डवरलं होतं, आणि डोळे तिच्या शालीवर होते.