राक्षसांची धुलाई

सुनेचे राक्षस टेबलावरून उठले, तर कडूबाईंच्या पदरात एक खिडकी पडणार होती.

खिडकी सावेडीच्या भर रस्त्यावर उघडायची. खाली भाजीची गाडी यायची, रिक्षावाले एकमेकांना शिव्या घालायचे, समोरच्या बिल्डिंगमधल्या जावाजावांची भांडणं फुकटात ऐकू यायची. पाथर्डीकडचं गाव सोडून मुलाच्या फ्लॅटवर आलेल्या बाईचा दिवस तेवढ्यावर आरामात सरला असता. पण खिडकीला चिकटून सुनेचं, धनश्रीचं टेबल होतं, आणि कडूबाईंची खाट आतल्या खोलीत, शेजारच्या भिंतीकडे तोंड करून.

टेबलावर कायम एक भुयार मांडलेलं असायचं. पुठ्ठ्याच्या खोल्या, पुठ्ठ्याची दारं आणि बोटाएवढी प्लॅस्टिकची माणसं. दर रविवारी धनश्रीची मैत्रीण मोनिका आणि तिचा नवरा कल्याण यायचे. मग अजिनाथ-धनश्री धरून चौघं फासे टाकत भुयारात शिरायचे, राक्षस मारायचे, खजिना लुटायचे. चाळिशीला टेकलेली, हप्ते भरणारी माणसं! आणि एरवी रोज संध्याकाळी धनश्री बारीक ब्रश घेऊन त्या माणसांना रंगवत बसायची.

"हा खेळ संपला की टेबल हलवतो, आई," अजिनाथ म्हणाला होता. "तुझी खाट तिथंच टाकू."

"कवा संपायचा?"

"राक्षस संपले की."

कडूबाईंनी एवढं मनात पक्कं धरून ठेवलं.

घट बसायचा आठवडा आला आणि घरात धुणं निघालं. गोधड्या, पडदे, डबे, पाट, चौरंग. कडूबाईंच्या तावडीतून काही सुटत नव्हतं. बुधवारी ऑफिसला निघताना धनश्रीनं एक ट्रे आणून मागच्या गॅलरीत, मोरीच्या कठड्यावर ठेवला. पलीकडे फिनेलची बाटली होती, जुने टूथब्रश होते.

"आई, नवे राक्षस आहेत. रविवारी लागणार आहेत. तेवढं जपा हं."

"मी कशाला हात लावू बया? मला दुसरी कामं न्हाईत व्हय?"

दार लागलं. कडूबाई ट्रेजवळ जाऊन उभ्या राहिल्या. शिकल्यासवरल्या पोरींना कुठली वस्तू कुठं ठेवावी एवढं कळू नये, याचं त्यांना नवल वाटलं. सुनेचा हात लई बारीक हाय, असं येणारा-जाणारा म्हणायचा. बारीकपणा काही त्यांना दिसेना. दाराला फासावा तसा हिरवा रंग थापलेला. एका राक्षसाचे तर डोळेच बुजले होते.

त्यांनी ट्रे बादलीत उलटा केला, वरून फिनेल ओतलं आणि बादलीवर पाट झाकला. संध्याकाळी धनश्रीनं ट्रेची चौकशीसुद्धा केली नाही.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर कडूबाईंनी पदर खोचला. वर्षानुवर्षं उसाच्या फडात कोयता चालवलेले हात होते ते. करायचं तर पक्कं करायचं. कुठं रंग राहिला आणि पोरीनं वरच्यावर सावरून घेतलं, तर सगळी मेहनत पाण्यात. त्यांनी दातांच्या फटी घासल्या, नखं घासली, भाल्यांना हलक्या हातानं टोकापर्यंत ब्रश मारला. एखादा भाला मोडला, तर मुद्दाम केल्यासारखं दिसलं असतं. दुपार टळेपर्यंत सगळी फौज पांढरीफटक झाली.

अजिनाथ घरी आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. "आई! हे काय करून ठेवलंस?"

"काय म्हंजे? घट बसायचेत. समदं घर धुतलं, ह्येबी धुतलं. लई मळलं हुतं."

"मळ नव्हता, रंग होता तो!"

"मला काय म्हाईत, बाबा? आमी अडानी मानसं."

धनश्रीनं एक राक्षस उचलला. उजेडात धरून सावकाश फिरवला. मग दुसरा.

"रागावलीस व्हय गं?"

"नाही, आई. तुम्ही थोडंच मुद्दाम केलंय?"

कडूबाईंना क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच. त्या रात्री त्यांनी खाटेचं माप घेतलं. खिडकीखाली बरोबर बसत होती.

रविवारी मोनिका आणि कल्याण आले. कडूबाई चहा टाकून स्वयंपाकघरात कान देऊन उभ्या राहिल्या. आता रडारड होणार, मग खेळ मोडणार, मग टेबल उचलायला अजिनाथची हाक येणार.

बाहेर मोनिका किंचाळली. "अगं, हे माझेच राक्षस? पुण्याहून जुने घेतलेले?"

"तुझेच."

"विकणाऱ्या मेल्यानं दाराचा ऑइलपेंट फासला होता त्यांना! मी घासता घासता तीन भाले मोडले आणि नाद सोडला. तुझा एकही मोडला नाही? आणि तुझे हात बघू, हात तर कसे लोण्यासारखे!"

"मी कुठं काय केलं?" धनश्रीनं नव्या रंगाची बाटली उघडली. "घट बसायच्या आठवड्यात आमच्याकडे वस्तू नुसती पुढ्यात ठेवायची असते."

कल्याण हसला. अजिनाथही हसला. मोनिकानं पिशवीतून दुसरा, आधीच्यापेक्षा मोठा डबा काढला. "मग ही भुतं-पिशाच्चंही ठेवून घे."

"ठेव की. दिवाळीची साफसफाई आहेच."

दारात कडूबाई चहा घेऊन उभ्या होत्या. फिनेलनं उललेल्या त्यांच्या बोटांना कप झोंबत होते.