आजीवन हमी

“आजी, ही घेऊ नका,” दुकानदार म्हणाला, आणि असलं वाक्य आपण आपल्याच दुकानात बोललो याचं त्याला आश्चर्य वाटलं.

तेहतीस वर्षं तो गिटारी विकत होता. गिऱ्हाईक पायपुसण्यावर पाय पुसतंय तोवरच ते काय घेणार हे तो ओळखायचा. दाढी वाढवलेला आला की काळी गिटार. नुकतं लग्न झालेला आला की हलकी, कारण ती सहा महिन्यांनी कपाटावर चढवायची असते. साठीपुढचं कुणी आलं की नातवंडासाठी. या बाई आत आल्या तेव्हाही त्याने सवयीने ‘या आजी’ म्हणून छोट्या गिटारींकडे हात केला होता.

“आजी म्हणा हवं तर,” बाई म्हणाल्या होत्या, “पण केस तुमचे जास्त पिकलेत.” आणि त्या सरळ मोठ्या गिटारींच्या भिंतीकडे गेल्या होत्या.

सोबत त्यांचा मुलगा होता. गाडी चुकीच्या जागी लावून आलेल्या माणसासारखा तो सारखा दाराकडे बघत होता. त्याच्याकडून एवढं कळलं, की आईला चौऱ्याहत्तरावं लागलंय, गिटार तिला स्वतःसाठी हवी आहे, आजवर तिने वाजवलेलं एकमेव वाद्य म्हणजे दाराची बेल, आणि तिला एकच पण आयुष्यभर पुरेल अशी हवी आहे. ‘आयुष्यभर’ हा शब्द त्याने आवाज उतरवून उच्चारला.

बाईंनी एकही तार छेडली नाही. बोटाच्या पेराने गिटारीच्या पोटावर टकटक करायची, कान लावायचा, पुढे सरकायचं. प्लायवूडच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी फळ्या पास-नापास केल्या होत्या. दुकानातली सर्वांत खपाची गिटार त्यांनी दोन टकटकींत नापास केली. हिचे थर चिकटवलेले आहेत, त्या म्हणाल्या. आज जे बोलते तेच वीस वर्षांनीही बोलेल, आमच्या विहीणबाईंसारखी.

मग त्या वरच्या खिळ्यांवरच्या जोडीपाशी थांबल्या. एकाच ओंडक्यातल्या, एकाच कारागिराच्या हातच्या, अखंड लाकडाच्या दोन गिटारी. तीन वर्षं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दुकानदार रोज सकाळी त्या पुसायचा. उजवीकडची पुसायला त्याला जरा जास्त वेळ लागायचा. ‘घरी आणा की ती एकदाची,’ असं बायको दोनदा म्हणाली होती. एकसष्टाव्या वर्षी कसली आलीय हौस, असं म्हणून त्याने दोन्ही वेळा विषय मिटवला होता.

बाईंनी डावीकडची मागितली. तेव्हाच त्याच्या तोंडून ते वाक्य निसटलं.

कारणही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. हे लाकूड अजून मुकं आहे. रोज वाजवत राहिलं की हळूहळू मोकळं होत जातं. खरा आवाज उघडायला वीस वर्षं लागतात. ‘वीस’ म्हटल्यावर तो एकदम थांबला. मुलाने छताच्या पंख्याची पाती मोजायला घेतली.

“वीस ना? चालेल,” बाई म्हणाल्या. “माझी बोटं वळायलाही तेवढी लागतीलच. दोघी बरोबर तयार होऊ.”

दुकानदाराने हमीचं कार्ड काढलं. वर ठसठशीत सोनेरी अक्षरांत ‘आजीवन हमी’. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, गिटारीची मान वाकल्यास वा सांधा सुटल्यास दुरुस्ती मोफत, मूळ खरेदीदाराच्या हयातीपर्यंत. मुलगा विमा कंपनीत होता, त्यामुळे त्याने आधी मुंग्या वाचल्या. मग त्याने सुचवलं की कार्ड आपल्या मुलीच्या नावाने करावं. ती नऊ वर्षांची आहे, हमी भरपूर चालेल. तिला गिटारीत रस नाही, पोहण्यात आहे, पण कागदाला त्याने काय फरक पडतो? दुकानदाराला हे पटलं. त्याने पेनाचं टोपण काढलं.

बाईंनी कार्डावर तर्जनी टेकवली.

“बारीक मला दिसत नाही, मोठं दिसतं. इथे आजीवन छापलंय. नातीवन नाही.”

मुलाने कार्ड पुन्हा एकदा वाचलं. विमा कंपनीत यावर कलम नव्हतं. कार्डावर बाईंचं नाव चढलं. गिटार त्यांनी मुलाला धरू दिली नाही, स्वतःच खांद्याला अडकवली आणि दारात जाऊन मागे वळल्या.

“वीस वर्षांनी आवाज उघडला की ऐकवायला आणते. तुम्ही असाल ना?”

यात टोमणा नव्हता. कारखान्यात माल कधी न्यायला येऊ, असं विचारावं तसा साधा प्रश्न होता. प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ उत्तर देणाऱ्या दुकानदाराने या वेळी आधी हिशेब केला. एकसष्ट आणि वीस, त्याने मनातल्या मनात मिळवून पाहिले.

“असेन की,” तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, “असणारच.”

त्यांची गाडी वळल्यावर तो स्टुलावर चढला आणि उजवीकडची गिटार खिळ्यावरून उतरवली. ती मांडीवर घेऊन त्याने एक कोरं कार्ड पुढे ओढलं. खरेदीदार म्हणून सही केली, विक्रेता म्हणूनही केली. कार्ड उचलून लांब धरून पाहिलं. काहीतरी खटकत होतं.

त्याने सोनेरी ‘आजी’वर काट मारली आणि वर लिहिलं, ‘आजोबा’.