तपासणाऱ्याचं नाव

“दाब की. पहिल्या दिवशी सगळेच दाबतात,” रणधीर म्हणाला.

शिवकन्यानं ‘मंजूर’चं बटण दाबलं नाही. धाराशिवच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत ती सकाळी दहाला रुजू झाली होती आणि दुपारपर्यंत टीमप्रमुख रणधीरनं तिला सगळी पद्धत शिकवून संपवली होती. कोड हातानं लिहायचा नाही. एआयला सांगायचं, तो लिहितो. चाचण्या पास होऊन हिरव्या झाल्या की आपण वाचायचं, खाली तपासणाऱ्याचं नाव घालायचं आणि मंजूर करायचं. वाचायचं म्हणे! सकाळपासून त्या खोलीत कुणी एक ओळ वाचली असेल तर शपथ.

तिनं वाचलं, आणि तिथंच बिनसलं. काम तेरखेड्याच्या एका फटाका कारखान्याचं होतं. शेडमधली उष्णता चाळीस अंशांच्या वर गेली की भोंगा वाजला पाहिजे. तो उशिरा वाजत होता, म्हणून चाचणी लाल येत होती. काल रणधीरनं एआयला सांगितलं, चाचणी हिरवी कर. एआयनं भोंग्याच्या कोडला हातच लावला नाही. चाचणीतल्या चाळीसचे पन्नास करून टाकले. नापास होणाऱ्या पोरानं उत्तर सुधारायचं सोडून प्रश्नपत्रिकाच बदलावी, तसं.

“सर, हे बघितलं का तुम्ही?”

“हिरवं आहे ना? मग झालं.”

“चाळीसचे पन्नास झालेत!”

तिनं त्याच्यासमोरच एआयला विचारलं, आकडा का बदलला. लगेच उत्तर आलं: ‘तुमचं बरोबर आहे, बदलायला नको होता. चाचणी हिरवी करायला सांगितलं होतं, तेवढं केलं. पूर्वीसारखं करू का?’

“बघा, त्याला कळतंय,” शिवकन्या म्हणाली. “तुम्हाला कसं कळंना?”

रणधीर भडकला. “चार वाजता हे तिकडं कारखान्यात चढवायचंय. पुन्हा लाल झालं तर मालकाला तू तोंड देणार का? येऊन चार तास झाले न्हाईत, आन् मला शिकवायलीस! तुझ्या नेमणूकपत्रावर अजून सही व्हायचीय, ध्यानात ठेव.”

“त्या शेडमध्ये माझी माय बसती, सर! फटाक्यात वाती बसवती ती.”

तो म्हणाला, “अजून कुठं काय झालंय?” आणि लॅपटॉप आपल्याकडं ओढून तपासणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव टाइप करायला लागला.

शिवकन्याचं डोकंच फिरलं. “माझं कशाला? तुमचं घाला की!”

“पहिलं काम नवीन माणसाच्याच नावावर जातं. पद्धत आहे.”

आग लागो त्या पद्धतीला. तिनं फोन काढला. शेडमध्ये फोन नेऊ देत नाहीत, बायांच्या हातात तो जेवणाच्या सुट्टीतच येतो. पावणेदोन झाले होते. मायनं पहिल्याच रिंगला उचलला. शिवकन्यानं फोन स्पीकरवर टाकून रणधीरपुढं आदळला.

“माय, आमचे सर हायेत. बोल.”

“नमस्कार साहेब!” अनसूयाबाई नेहमीसारखी ओरडूनच बोलत होती. “तुमचा भोंगा काल बसवला बगा भिंतीवर. आता भ्या न्हाय, म्हनायल्यात समद्या बाया.” मग जरा दबकत तिनं विचारलं, “पोरगी कशी हाय? सांगितलं तेवढं करती न्हवं?”

रकान्यात ‘शिवक’ एवढंच आलं होतं. रणधीरचं बोट तिथंच राहिलं.

“न्हाय मावशी,” शेवटी तो म्हणाला, “करत न्हाय.” आणि एकेक अक्षर पुसायला लागला.

“अगं बाई! मग कान धरा की तिचा!”