उजवी बाजू

भाच्याने कानातला इअरफोन उपसला, पँटला पुसला आणि धाकटीच्या हातात दिला. त्यावरचा पिवळा मळ तसाच होता. धाकटीला शिसारी आली. तरी तिने तो कानात घातला, कारण गाणं तिचं होतं. तिचं आणि समोर पलंगावर पडलेल्या थोरल्या बहिणीचं. जन्मभर दोघी जोडीने गायल्या. आता थोरलीला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पोटच्या या पोरालाही ती ओळखत नव्हती, धाकटीला "अहो बाई" म्हणायची. जुनं गाणं लागलं की मात्र डोळे उघडायची. म्हणून तर तिच्या उशाशी ठेवायला हा एवढासा प्लेअर आणला होता.

थोरलीचा आवाज लागला. पातळ, पाण्याखालून यावा तसा. तिने ओळ सोडली. ती जिथे धाकटीने उचलायची, तिथे नुसती खरखर आली. मग पुन्हा थोरली.

"माझा आवाज कुठे गेला रे?"

"फाइली केवढ्या होत्या, मावशी! डावीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे तेच. एक बाजू ठेवली, एक उडवली. मग उरल्या त्या दाबून दाबून बारीक केल्या."

"तेच कसं असेल? दोन माईक होते आम्हाला. डावीकडे ती, उजवीकडे मी."

"असं होय?" तो वेफर्स चघळत राहिला. "आता मूळच्याही काढून टाकल्या. उगाच जागा खात होत्या."

"आणि यात उरलेली जागा?"

"त्यात माझी गाणी टाकलीत. रिकामी कशाला ठेवायची?"

वर तोंड करून सांगत होता! करून सवरून नामानिराळा, आणि ओठांना मिठाचे कण. एक सणसणीत ठेवून द्यावी, असं धाकटीला वाटलं. पण त्या गालाला हात लावायचीही तिला किळस वाटली.

त्याने तेलकट बोटांनी वायर काढली आणि प्लेअर उशीवर ठेवला. थोरलीने डोळे उघडले. ऐकता ऐकता पहिली रिकामी जागा आली, तशी ती उजव्या हाताने अंथरूण चाचपू लागली.

"ती कुठे गेली? रुसली का? मधेच कशी उठून गेली?"

पुढच्या रिकाम्या जागेला तिला रडूच फुटलं. "बोलवा ना तिला."

"मावशी, तूच गा की," भाचा म्हणाला. "पाठच आहे तुला सगळं. उलट भारी वाटेल!"

याचं ऐकायची वेळ यावी, याचाच धाकटीला वीट आला. पण थोरलीचा हात अजून चाचपत होता. ती जवळ सरकली आणि वेळेवर ओळ उचलली. आवाज वयाने फाटला होता, दम पुरत नव्हता. सूर तेवढा चुकला नाही.

नासलेल्या दुधाचा वास यावा तसं थोरलीने नाक मुरडलं.

"ही कोण मधेच रेकतेय? गप्प करा हिला. तिथे माझी धाकटी गाते."