वन्स मोअर

"हालू नको वं," म्हणत सत्यशीलानं नणंदेच्या वेणीला तिसऱ्यांदा रिबन बांधली. बैलगाडी धक्के खात होती, त्यामुळं दोन्ही फुगे काही सारखे येईनात. गुलाब मात्र हसतच होती. पाहायला येणारी माणसं आज नाटकात भेटणार, आणि या पोरीला राणीच्या मुकुटात खरंच दिवे पेटतात का, याचीच पडलेली.

धान घरात आलं की या भागात गावोगाव नाटकं लागतात, आणि नाटकाच्या आडोशानं सोयरिकी जुळतात. दोन्हीकडची माणसं रात्रभर तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, शेजारी बसतात, नाटक बघता बघता एकमेकांना पारखतात. सकाळी पसंती असली तर मुलाची आई मुलीच्या तोंडात साखर घालते. नसली तर चहा घेऊन आपली गाडी जुंपते. तोंडावर नाही कोणी म्हणत नाही.

गुलाबसाठी आलेल्या दोन गाड्या अशाच जुंपल्या गेल्या होत्या. घरात जवान विधवा अन् तिची पोर, उद्या सारं जावयाच्याच गळ्यात, असं दुसऱ्या गाडीतली बाई बोलून गेली होती. सत्यशीलाच्या कानावर ते आलंच. तिचा नवरा वैनगंगेच्या पुरात गेला, त्याला दोन पावसाळे झाले. मांडीवर झोपलेली रंभी तेव्हा रांगत होती.

आणि मागच्या आठवड्यात सासू, बायनाबाई, दारात आपल्या भावाशी बोलताना तिनं ऐकलं होतं, "सत्याचं एकदा निपटलं का मी मोकळी. जिवतीले तिच्या भावाले निरोप धाडला म्या."

जिवतीच्या डोंगरात भावाचं दोन खणाचं घर, त्यात पाच पोरं. आज साखर पडली नाही तर आपलं गाठोडं तिकडंच जाणार, हे सत्यशीलानं ओळखलं होतं. पडली, तर गुलाब गेल्यावर म्हातारीला कोणी तरी सोबत लागेलच. म्हणून ती गुलाबला जीव लावून सजवत होती. स्वतः जुनेरंच नेसून निघाली होती, पण सासूनं दारातून परत पाठवलं. निळी साडी नेस, लोक म्हणतील सून चिंध्यांत ठेवली, म्हणाली.

मंडपात पाहुणे आधीच येऊन बसले होते. बल्लारपूरला कागदाच्या गिरणीत असलेला हरिदास आणि त्याची आई भागीरथाबाई. बायनाबाईशी त्यांचा जयभीम झाला. हरिदास तिशी ओलांडलेला, गुलाबला जरा थोराडच. पण बोलणं मऊ होतं. सत्यशीलानं मनातल्या मनात त्याला पास करून टाकलं.

पडदा उठला. राजाच्या अंगरख्यावर आरशांचे तुकडे असे चमकत होते की डोळे मिटावे लागत. राणीच्या मुकुटात खरोखरच लाल-हिरवे दिवे होते. ती गायला लागली की ते पेटत आणि रुसली की विझत. रंभी जागी होऊन टकामका बघायला लागली. हरिदासनं तिला उचलून खांद्यावर बसवलं, म्हणजे राजा नीट दिसेल.

भागीरथाबाईचं लक्ष नाटकात कमीच होतं. स्वयंपाक कोण करते, धानाच्या रोवणीले कोण जाते, तिनं हळूच विचारायला सुरुवात केली. सत्यशीला प्रत्येक प्रश्नाला गुलाबचं नाव सांगत गेली.

"अन् बायनाबाई आजारी पडली होती, तवा रातभर कोण जागलं?"

"गुलाबच."

"सारं गुलाबच करते, तं मंग तू का करतं?"

गुलाब तोंडात पदर कोंबून हसत होती. सत्यशीलानं तिला चिमटा काढला, पाहुण्यांना पाणी नेऊन दे म्हणून तांब्या हातात दिला. गुलाबनं तांब्या परत केला. "तूच दे वहिनी. माही साडी तणसात अडकून राह्यली."

हिला अक्कल कधी यायची, असं म्हणत सत्यशीलाच उठली.

तिसऱ्या अंकात राजा मेला. छातीत तलवार, ओठावर गाणं, आणि गाण्याच्या शेवटी धाडकन पडला. बाया रडल्या. मागून कोणी तरी ओरडलं, "वन्स मोअर." सारा मंडप ओरडायला लागला. मेलेला राजा उठला, धोतर सावरलं, तलवार पुन्हा काखेत धरली आणि पहिल्यापासून गायला लागला.

सत्यशीलाला हसू फुटलं. दाबलं, तरी फुटलं. डोळ्यांतून पाणी येईतो ती हसली. दोन वर्षांत एवढं हसणं तिच्या तोंडून निघालं नव्हतं. भानावर आली तेव्हा भागीरथाबाई आणि हरिदास दोघंही राजाकडं नाही, तिच्याकडं बघत होते.

तिनं पदर ओढून घेतला. पाहुण्यांपुढं दात काढणारी विधवा. गेली तिसरीही गाडी. पुढचं नाटक तिला दिसलंच नाही.

तांबडं फुटता फुटता पडदा पडला. पाहुण्यांनी चहा घेतला. झोपलेली रंभी अजून हरिदासच्या शालीतच होती. दूर बाभळीखाली त्यांची गाडी जुंपली जात होती. सत्यशीला खाली बसून सतरंजीवरची तणसाची काडी न् काडी वेचत राहिली. जिवतीला पोरीसाठी एक गोधडी तरी मागून न्यावी, असं तिच्या मनात आलं.

"बायनाबाई, थांब जराशी." भागीरथाबाई परत येत होती. हातात कागदाची पुडी होती.

सत्यशीलाचा जीव भांड्यात पडला. ती झटकन उठली. गुलाबचा पदर सारखा केला, तिला खांद्याला धरून पुढं केलं आणि स्वतः तिच्या मागं सरली. पण गुलाब सुळकन बाजूला झाली. तिचे दोन्ही हात वहिनीच्या पाठीला लागले. बायनाबाई तोंड फिरवून डोळे पुसत होती.

"आ कर वं माय," भागीरथाबाई म्हणाली, आणि साखरेची चिमूट सत्यशीलाच्या ओठांना लागली.