खोऱ्याचा अंदाज

दांडीवर टाकलेल्या पांढऱ्या साडीचा काठ अजून ओला होता. बाकीची साडी केव्हाच वाळली होती. निशाने काठ दोन बोटांत धरून पाहिला. भाईंदरच्या खाडीवरून येणारी हवा दमट. जाड सूत पाणी सोडत नव्हतं. गावी, बीडकडच्या खोऱ्यात, चैत्रातल्या उन्हात हाच काठ चहा होईपर्यंत खडखडीत वाळला असता.

साडी तिच्या आईने, केसरबाईंनी, स्वतः केबिन रोडवरच्या दुकानातून आणली होती. दुकानदार एकेक घडी उलगडत होता आणि त्या मान हलवत होत्या. "भैया, ये तो मलाई हुई. दूध के जैसा दिखाओ." निशाला हसू आलं होतं. भीमजयंती जवळ आली की आई पांढऱ्या रंगाबाबत अशीच हट्टाला पेटायची.

"निशा, खोऱ्याचं काय म्हणतंय?" आतून रोजचा प्रश्न आला.

निशा एका खासगी हवामान संस्थेत होती. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या फोनवर तिच्याच आवाजात अंदाज जायचा.

"गुरुवारी दुपारनंतर गारा. तोवर कोरडं."

"बाकीचे हवामानवाले तर म्हणतात, आठवडाभरात कधीबी पडतील."

"त्यांचं ते जाणोत. माझा गुरुवार."

"मग बांधापल्याडच्यांना कळव. त्यांचा बियाचा कांदा उभाय अजून."

बांधापल्याडचे म्हणजे सहादेव. बाबा गेल्यापासून निशाच्या घरचं शेतही सहादेवच बटाईने, पिकाच्या वाट्यावर, करत होते. एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना 'भाऊ' म्हणणाऱ्या केसरबाई त्यांना मात्र कधी भाऊ म्हणत नसत. बटाईचा व्यवहार आहे, नातं कशाला जोडायचं, असं आईचं मत असावं, असं निशा धरून चालली होती.

तीन वर्षांपूर्वी पेरणीच्या वेळी सहादेवांनी बांधावर केसरबाईंना काही विचारलं होतं. घरी येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "विचारलंय त्यांनी. सांगते म्हणलं."

"शेताचं ना?" बुद्धभूषणने, निशाच्या थोरल्या भावाने, लगेच विचारलं होतं. केसरबाई तव्यावरची भाकरी उलटायला आत गेल्या होत्या.

तेव्हापासून दर हंगामाला उत्तर पुढे ढकललं जात होतं.

"आई, एकदाचं फायनल कर ना," आजही जेवताना बुद्धभूषण म्हणाला. "किती लटकवशील त्यांना?"

"मी कुठं लटकवलं? ते थांबलेत."

"असं कोण थांबतं?"

"थांबलेत खरं." केसरबाईंनी त्याच्या ताटात भात वाढला. "बी घरी येऊ दे. ह्या खेपेला नक्की सांगते."

"विकून टाक सरळ शेत. आपल्यातलं कोण तिकडे औत धरणार आहे? निशा ढगांकडे बघत बसेल, बैल घरी निघून जातील."

निशा हसली नाही. त्याच शेतात बाबांच्या खांद्यावर बसून तिने पहिल्यांदा ढग पाहिले होते. ते शेत जायला नको होतं. आणि आता तिचा अंदाज खरा ठरला, बी सुखरूप घरी आलं, की आई होकार देणार होती. अंदाज थोडा मोघम ठेवणं अवघड नव्हतं. तिने वाऱ्यांचे नकाशे पुन्हा पाहिले. नकाशे तेच सांगत होते.

संध्याकाळी सहादेवांचा फोन आला. "पोरी, गोंडं अजून हिरवट हायेत. शेजाऱ्यांनी भिऊन कापली. मी काय करू?"

कांद्याचे गोंडे, म्हणजे बियाचे तुरे, हिरवट कापले, की बी पोचट निघतं, हे निशाला माहीत होतं.

"थांबा, काका," ती म्हणाली. "बुधवारी कापा. अंधार पडल्यावर एकही गोंडा शेतात नको."

गुरुवारी दुपारी गारा पडल्या. सहादेवांनी व्हिडिओ पाठवला. बांध पांढराफटक, शेतात नुसते दांडे, आणि छपराखाली गोंड्यांचा ढीग, कोरडा. पाठोपाठ खोऱ्यातून इतरांचे फोन येऊ लागले. ज्यांनी ज्यांनी तिच्या आवाजावर भरवसा ठेवला होता, त्या सगळ्यांचं बी वाचलं होतं. कुणी हलगी वाजवूनच ऐकवली. केसरबाईंनी फोन स्पीकरवर टाकून सगळ्या मजल्याला ऐकवलं. "माझ्या लेकीनं गारा पकडल्या!" निशाला आनंद झाला. मग बाबांचं शेत आठवलं.

जयंतीला केसरबाई गेल्या वर्षीचीच साडी नेसल्या.

"नवी का नाही नेसलीस?"

"असू दे."

पुढच्या रविवारी सहादेव आले. इस्त्रीचा सदरा, हातात बियाची पिशवी. बी काळंभोर, टपोरं होतं. बुद्धभूषणने सातबारा काढून टेबलावर ठेवला. सहादेवांनी त्या कागदाकडे पाहिलं, मग बुद्धभूषणकडे, आणि गोंधळून पाण्याचा पेला उचलला.

निशा गॅलरीच्या दारात पाठ करून उभी राहिली. तिला ते ऐकायचं नव्हतं.

केसरबाई बाहेर आल्या. नवी पांढरी साडी, केसांत मोगरा. त्यांनी सातबारा उचलून बुद्धभूषणच्या हातात परत दिला.

"हा कपाटात ठेव. शेत मागितलं कुणी?"

मग केसरबाई गॅलरीकडे वळल्या.

"निशा, बुद्धपौर्णिमेला खोऱ्यात आभाळ कसं राहील गं?"

निशा वळली. तिची नजर साडीवर गेली, मग सहादेवांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. "इतक्या लांबचं... नक्की नाही सांगता येत, आई," ती सावकाश म्हणाली. "पण कोरडं राहील."

"मग, सहादेव," केसरबाईंनी पहिल्यांदाच त्यांचं नाव घेतलं, "मंडप नको घालायला. विहारासमोर उघड्यावरच लग्न लावू आपलं."